पाच मिलिमीटर

ऑपरेशनच्या वेळी घर माणसांनी भरून जातं. डबे येतात, फोन येतात, कोणी अंगारा आणून देतं. फेरतपासणीच्या स्कॅनला मात्र ‘त्यात काय, रूटीनच ना!’ एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. रोग्याचं होत नाही. उजव्या मूत्रपिंडावरची गाठ काढली तेव्हा मी इतकी घाबरले नव्हते. काय करायचं ते निदान ठरलेलं तरी होतं. आता स्कॅनची तारीख जवळ आली की पाठीत जरा चमक भरली तरी मन थेट शेवटाला जाऊन पोहोचतं.

प्रत्यक्ष काम थोडक्यात आटपतं. आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघतात, कारण शिरेतून आयोडीनचं औषध सोडायचं असतं आणि ते बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. मंगळसूत्र काढून रुमालात बांधायचं, संमतीपत्रावर सही करायची, हातात सुई टोचून घ्यायची. औषध आत गेलं की घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब पसरते आणि कपड्यातच लघवी झाली की काय असं वाटतं. तसं होणार हे आधी सांगतात, तरी दर वेळी वाटतंच. रेकॉर्ड केलेला आवाज हिंदीत श्वास रोखायला सांगतो. मग काचेपलीकडच्या मुलाचा चेहरा वाचायचा. हा उद्योग साफ निरर्थक. तो बिचारा चित्रं नीट आली की नाही एवढंच बघत असतो.

या खेपेला रिपोर्ट फोनवर आला, तोही रात्री. (रात्री रिपोर्ट पाठवायला बंदी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.) पोट स्वच्छ. छातीच्या परिच्छेदात मात्र उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पाच मिलिमीटरचा ठिपका. मूत्रपिंडाचा कर्करोग पसरला तर बऱ्याचदा फुप्फुसाकडे जातो, हे मला ठाऊक होतं. झोप उडायला तेवढं पुरलं.

“तीन महिन्यांनी पुन्हा सीटी करू,” सर्जन म्हणाले.

“आणि तोवर, डॉक्टर?”

“तोवर काही नाही.”

मला वाटलं, टाळताहेत. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढून समजावलं. एवढ्याशा ठिपक्यात नेमकी सुई घालणं अवघड. पेट स्कॅनलाही तो धड उमगत नाही. जुन्या क्षयाचे, कधीकाळच्या संसर्गाचे असे वण आपल्याकडे कितीतरी जणांच्या छातीत असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. एका चित्रावरून आकार कळतो, वाढ कळत नाही. शिवाय गोल गाठीचं घनफळ दुप्पट झालं तरी व्यास सव्वा पटच होतो, म्हणजे पाचाचे सव्वासहा. आठवड्याभरात पुन्हा स्कॅन केला असता तर फरक मोजताही आला नसता. थांबणं हाच इथे तपासणीचा भाग होता. हे ऐकून भीती गेली नाही. पण डॉक्टर हात झटकताहेत हा राग गेला, आणि भीतीपेक्षा त्या रागानेच मला जास्त पोखरलं होतं.

छातीचा जुना सीटी आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा आठवण झाली ती आमच्या ह्यांना. 2021च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन जरा उतरला की लोक छातीच्या एचआरसीटीला पळत होते, आणि पंचविसापैकी स्कोअर किती, एवढंच जो तो विचारायचा. माझा काढला तेव्हा आम्हीही तेच विचारलं होतं. सीडी कपाटात विजेच्या बिलांखाली सापडली. लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही. पुतण्याने कुठूनसा ड्राइव्ह आणला. रेडिओलॉजिस्टांनी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावली. ठिपका तेव्हाही तिथेच होता, तेवढाच. कोविडच्या त्या धबडग्यात त्याचा उल्लेख राहून गेला असावा. दोन वर्षांहून जास्त काळ न वाढलेला असा भरीव ठिपका सहसा निरुपद्रवी धरतात. तीन महिन्यांचा सीटी रद्द झाला, वर्षाचा राहिला. त्यालाही मी घाबरणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुम्हाला मात्र एक विनंती आहे. रिपोर्टचा कागद जपता तशी स्कॅनची सीडीही जपा. लिंक आली असेल तर तिची मुदत संपायच्या आत चित्रं उतरवून घ्या, आणि पुढच्या तपासणीला जाताना ती न विसरता बरोबर न्या. तुलना करायची तर डॉक्टरांना नुसतं वर्णन पुरत नाही, मूळ चित्रं लागतात.