पंधरा फुटांची ओसरी

टेनपिन बोलिंग या खेळात लेनपुढे खेळाडूला चालावयास जी जागा सोडलेली असते, ती निदान १५ फूट लांब असावी असा नियम आहे. आमच्या चंद्रपूरच्या घराची ओसरी, टेप लावून पाहिली तर, तेवढीच भरते. हा योगायोग आमच्या फार उपयोगी पडला. कारण आम्ही खेळतो ती लेन मुंबईस, आणि राहतो ताडोब्याच्या रानापासून जवळ. वर्षातून दोनतीन वेळा कन्येकडे जाणे होते, तेव्हा प्रत्यक्ष गोळा हाती येतो. एरवी आमचा खेळ ओसरीवर, गोळ्यावाचून आणि पिनांवाचून चाललेला असतो. रोज सकाळी एक प्राध्यापक रिकामा हात झुलवीत चार पावले पुढे जातो, शेवटच्या पावलावर घसरल्यासारखे करून थांबतो आणि पुन्हा मागे येतो, हे दृश्य पाहून शेजारच्या मंडळींनी प्रथम काय तर्क केले असतील ते असोत. आमच्या घरातून त्यांस ‘डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आहे’ असे उत्तर गेले, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

ज्या वाचकांना बोलिंग म्हटले की क्रिकेटच आठवते, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ६० फूट लांब आणि सुमारे साडेतीन फूट रुंद अशी एक गुळगुळीत पट्टी. तिच्या टोकाशी सव्वा फूट उंचीच्या १० पिना त्रिकोणात मांडलेल्या. आणि अलीकडे आपण, हाती तीन भोके पाडलेला गोळा घेऊन उभे. गोळा जास्तीत जास्त १६ पौंडांचा असतो, आमचा १०चा. अमेरिकेत पूर्वी हाच खेळ नऊ पिनांचा होता. त्यावर जुगार माजला म्हणून १८४१ साली कनेक्टिकट संस्थानात नऊ पिनांच्या खेळास बंदी झाली, आणि लोकांनी दहावी पिन मांडून कायद्याचे शब्द पाळले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, वकिलीत मुरलेल्या आपल्या समाजास ती पटण्यासारखी आहे. जुन्या लेनची लाकडेही मोठ्या विचाराने निवडलेली असत: गोळा जेथे आदळतो तेथे कठीण मेपल, मधल्या लांब भागात पाइन. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम पत्रेच बसवतात. २०२३ साली ज्या बल्लारपूर भागातून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेले, तेथल्या माणसाला कोणतीही लाकडी जमीन पाहिली की ती कोणत्या झाडाची, हे विचारल्यावाचून राहवत नाही. एवढ्यासाठी हे विषयांतर.

खेळ आमच्याकडे आला तो खांद्याच्या वाटेने. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी आमचा उजवा खांदा आखडला. कोट घालता येईना, फळीवरचा डबा निघेना. ते चालवून घेतले. परंतु वर्गात फळ्याच्या वरच्या कडेशी कवीचे नाव लिहून व्याख्यानास आरंभ करण्याची आमची तीस वर्षांची रीत होती. ते नाव हळूहळू खाली उतरू लागले. एके दिवशी पहिल्या बाकावरचा एक विद्यार्थी न सांगता उठला आणि ते नाव वर, जुन्या जागी, लिहून मुकाट्याने खाली बसला. त्याची ही माया आमच्या मनाला जितकी भावली, तितकीच लागलीही.

उपचार करणाऱ्या बाईंनी जो व्यायाम दिला तो असा: डावा हात टेबलावर टेकून वाकावे, उजवा हात दोरीसारखा सैल सोडावा आणि अंग किंचित पुढेमागे डोलवावे. ‘सर, हात हलवायचा नाही, हलू द्यायचा,’ असे त्या दर खेपेस बजावीत. ऐकावयास सोपे, परंतु जन्मभर प्रत्येक गोष्ट हाताने आणि जिभेने करीत आलेल्या माणसाला आपला हात काही काळ आपला नाही असे समजणे फार कठीण जाते. दीड वर्षांनी खांदा सुटला, डॉक्टरांनी हलका गोळा उचलण्यास मोकळीक दिली, आणि कन्येने आम्हांस लेनवर उभे केले. तिचे पहिलेच वाक्य होते, ‘बाबा, हात ओढू नका, लंबकासारखा सोडा.’ पन्नाशीनंतर अगदी अनोळखी विद्या प्राथमिक इयत्तेपासून शिकता येते का, हा प्रश्न आम्ही स्वतःपुरता तरी टाळीत आलो होतो. तिच्या त्या वाक्याने धीर आला, कारण पहिला धडा आमचा आधीच गिरवून झाला होता.

चार पावलांचा हिशेब असा आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने पहिले पाऊल उजवे टाकावे आणि त्याच क्षणी गोळा पुढे ढकलावा. दुसऱ्या, डाव्या पावलाबरोबर गोळा आपल्या वजनाने खाली येऊन पायाजवळून मागे जातो. तिसऱ्या पावलाला तो पाठीमागे उंच पोचलेला असावा. चौथे पाऊल डावे. ते टाकायचे नाही, घसरू द्यायचे, आणि ते थांबता थांबता गोळा घोट्याजवळून पुढे सुटला पाहिजे. लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ त्याच्या लांबीवर ठरतो, वजनावर नव्हे, हे आपण शाळेत शिकलो. म्हणून हाताला घाई करता येत नाही. पावलांनीच हाताचा वेळ सांभाळावयाचा. पाय आधी पोचले तर गोळा अजून मागेच असतो, मग खांदा त्याला ओढून आणतो, आणि आमच्यासारख्याचा खांदा त्याची आठवण आठवडाभर ठेवतो. गोळा आधी पोचला तर तो पायांचे बळ न घेताच निघून जातो.

आता वेगाविषयी. तरुण मंडळी दंडाच्या जोराने वेग आणू पाहतात. गोळा खरोखर वेगाने जातो तो उंचीमुळे: सुरुवातीस तो कमरेशी न धरता छातीशी धरला की झोका मोठा होतो आणि खाली येताना पृथ्वीच त्याला ढकलते. त्यावर शेवटची दोन पावले पहिल्या दोहोंपेक्षा थोडी झपाट्याने पडली म्हणजे झाले. वेग मोजावयास घड्याळ पुरते. गोळा सुटल्यापासून पिनांना लागेपर्यंत अडीच सेकंद लागले तर तो ताशी सुमारे २६ किलोमीटरने गेला असे समजावे. हौशी माणसाला तेवढा वेग पुष्कळ झाला. आमचा पहिल्या वर्षी साडेतीन सेकंद घेई, म्हणजे ताशी १९. आता तीनच्या आत येतो. अतिवेगाचाही लोभ बरा नव्हे. लेनच्या अलीकडच्या बऱ्याच भागावर तेलाचा पातळ थर असतो; फार जोराचा गोळा त्यावरून नुसता घसरत जातो आणि त्याला वळावयास सवड मिळत नाही. नेम धरावयाचा तोही दूरच्या पिनांवर नाही, तर १५ फुटांच्या आसपास लेनवर जे बाण रंगविलेले असतात त्यांतल्या एखाद्यावर.

पावलांची खरी ओळख मात्र आम्हांस मुंबईत झाली नाही. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा अजून आम्हांस घरचाच वाटतो. तेथे भामरागडच्या बाजूस विद्यार्थ्यांचे हिवाळी शिबिर होते. रात्री शेकोटीजवळ गावची माणसे रेला नाचू लागली. हातात हात गुंफलेली रांग, गुडघे सैल, दोन पावले पुढे, किंचित थांबणे, पुन्हा मागे. रांगेत साठीच्या पुढची एक आजी होती. बाकीच्यांच्या उड्या मोठ्या, तिचे पाऊल जमिनीपासून बोटभरही उठत नव्हते. पण ढोलाच्या ठोक्यावर ते आधी नाही की उशिरा नाही. आम्ही त्या भागातल्या एका विद्यार्थ्यास विचारले, हे शिकवितात कसे? तो म्हणाला, ‘शिकवत नाही सर. लहानपणी मधे उभं करतात, दोन्हीकडून हात धरतात, मग पाय आपोआप कळतात.’ आम्ही शिक्षणशास्त्रावरील बरीच पुस्तके चाळली आहेत. त्यांत हे इतक्या थोड्यात सांगितलेले पाहिल्याचे स्मरत नाही. त्या दिवसापासून आम्ही ओसरीवर पावले मोजणे सोडले आणि ढोलाचा तो ठेका मनात धरून चालू लागलो. घोट्यातला ताठपणा त्यानंतरच गेला.

कन्या सतराव्या वर्षी शिक्षणासाठी घराबाहेर पडली. पुढली दहा वर्षे फोनवर आमचे बोलणे ‘जेवलीस का’ आणि ‘पैसे पोचले का’ यांपलीकडे क्वचितच गेले. पुढचे प्रश्न तिची आई विचारी. गेल्या दिवाळीत लेनवर तिचे पुष्कळसे गोळे वाया गेले, तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, ‘बाबा, जरा माझे पाय बघा ना.’ आम्ही बाकावर बसून पाहिले. तिचे तिसरे पाऊल लांब पडत होते, त्यामुळे चौथ्याला घसरावयास जागाच उरत नव्हती. तसे सांगताच तिने ते आखडते घेतले. गोळा पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या खोबणीत शिरला. उत्तम पडलेल्या गोळ्याचा स्वतःचा स्पर्श चारच पिनांना होतो, बाकीच्या सहा एकमेकींना पाडतात. त्या दिवशी नऊ पडल्या आणि उजव्या कोपऱ्यातली दहावी तेवढी डुलून उभी राहिली. ती पाडावयास डावीकडून तिरपे यावे असे कन्येचे मत, तर नेहमीच्या जागेवरून सरळ उजव्या कडेने जावे असे आमचे. या दहाव्या पिनेवरून आमचा फोनवरचा वाद अद्याप मिटलेला नाही. परवा तो पाऊण तास चालला.