हात लावा, दगडच आहे!

माझी एक कॉलेजमैत्रीण झुरिचला आयटीत आहे. गेल्या हिवाळ्यात तिचा मेल आला, सोबत पंचवीस फोटो. बाईसाहेब वीकएण्डला नातर्स नावाच्या गावी जाऊन आल्या होत्या. तिथे २०१६ मध्ये ‘वर्ल्ड नेचर फोरम’ नावाचं एक इंटरॅक्टिव्ह म्युझियम सुरू झालं. विषय काय, तर बाहेर उभा असलेला डोंगर! युंगफ्राउ-आलेच हा आल्प्समधला भाग २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आल्प्समधली सगळ्यात लांब हिमनदी तिथलीच. ती वितळतेय, आकसतेय, हे लोकांना कळावं म्हणून हा सगळा खटाटोप. मेलच्या शेवटी मॅडमचा प्रश्न : ‘तुमच्या ठाणे जिल्ह्यात आहे का असं काही?’

आता मी पडले कल्याणची. असा टोमणा सहन करणं आमच्या रक्तात नाही.

खरं सांगायचं तर तसं म्युझियम आपल्याकडे नाही. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा झाला खरा, पण त्या यादीतल्या ३९ ठिकाणांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला आली चार. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. मुरबाड-शहापूरच्या डोक्यावरचा सह्याद्री त्यात नाही. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले यादीत गेले, त्यात नाणेघाटापलीकडचा शिवनेरी आहे, अलीकडचा माहुली नाही. म्हणजे आपला नंबर दोनदा हुकला! तिकीट खिडकी नाही, ऑडिओ गाइड नाही, सुव्हेनियर शॉप नाही. पण हात लावून बघायचं म्हटलं तर? बॉस, तिथे मात्र आपण कुणाला ऐकणार नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी कल्याणहून पहाटेची एसटी पकडली. मुरबाडला गरमागरम वडापाव, मग सरळगाव, टोकावडे, आणि वैशाखरे. गावातले एक ठाकर मामा वाट दाखवायला तयार झाले. वय साठीच्या पुढे, पायात साध्या रबरी चपला. माझ्या पायात ट्रेकिंग शूज. पुढे कोण होतं, हे सांगायला नको.

निघण्याआधी मामांच्या घरी चहा झाला. घराच्या भिंती कारवीच्या. कारवी म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारं ते झुडूप, जे सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतं आणि मग सगळा डोंगर जांभळा करून टाकतं. फुलांचे फोटो आपण सगळेच फॉरवर्ड करतो. पण कारवीच्या काठ्या उभ्या लावून, बांधून, वरून शेण-मातीचा गिलावा दिला की घराचा कूड तयार होतो, हे त्या भिंतीवर हात फिरवला तेव्हा डोक्यात शिरलं. भिंत उन्हातही गार होती. नातर्समध्ये यासाठी एक बटण लागलं असतं.

घाट चढायला मला तीन तास लागले. (मामांना एकट्याला किती लागले असते, ते विचारायचं धाडस झालं नाही.) समोर नानाचा अंगठा. नीट बघितलं की त्या सुळक्यावर आडव्या रेघा दिसतात, पुस्तकाची पानं एकावर एक ठेवावीत तशा. हा बेसाल्ट, आपला काळा पत्थर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. पुन्हा आला, पुन्हा थंड झाला. एकेका रेघेच्या मध्ये एकेक थर. भूगर्भवाले याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि त्यातला ‘ट्रॅप’ सापळ्यातला नव्हे बरं का! स्वीडिश भाषेत ‘त्राप्पा’ म्हणजे जिना. पायऱ्या-पायऱ्यांचा डोंगर. तीन तास तो जिना चढून धाप लागल्यावर हे नाव ज्याने ठेवलं त्याच्याबद्दल आदर वाटायला लागतो.

वर खिंडीशी लेणं लागतं आणि खरं दालन इथे उघडतं. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरांतून निघालेला माल इथूनच वर जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. सातवाहनांची राणी नागनिका हिने या लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत भलामोठा लेख कोरवून घेतला. कुठले यज्ञ केले आणि किती दक्षिणा दिली, याचा हिशेब! गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी. एका यज्ञाला १०,००१ गायी. १९व्या शतकात इंग्रज अधिकारी साइक्स आणि नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी यावर काम केलं, आणि भारतातल्या अंकांच्या इतिहासात हा लेख फार महत्त्वाचा ठरला. यात शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. एक्सेल शीटवर दिवस काढणाऱ्यांनी एकदा इथे येऊन बघावंच. शून्याशिवायची बॅलन्स शीट!

मागच्या भिंतीवर सातवाहन कुटुंबाचा ग्रुप फोटो होता म्हणे, म्हणजे पुतळे. डोक्यावर प्रत्येकाचं नाव कोरलेलं. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, राजपुत्र. नावं आहेत, पुतळे नाहीत. कुठे पावलं तेवढी उरलीत. आणि हल्लीच्या मंडळींनी डोंगरातल्या दगडांवर बदामासकट नावं कोरलीत, ती मात्र ठसठशीत. ‘हात लावा’ याचा अर्थ हा नव्हे, एवढं आपल्यासारख्या शिकल्या-सवरल्यांना कुणी सांगायचं?

पण माझं मन अडकलं ते पाण्याच्या टाक्यांपाशी. घाटात कातळ खोदून केलेली टाकी आहेत. बेसाल्ट इतका घट्ट की टाकं एकदा भरलं की पाणी मुरत नाही. त्यातल्या एकाबद्दल छोटा लेख आहे, नागनिकेच्या लेखापुढे अगदीच एसएमएसएवढा. सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली ‘पोढी’. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. बस्स, इतकंच. यज्ञ नाही, गायी नाहीत, पदव्या नाहीत.

सोपारा म्हणजे कुठलं, कळलं ना? आपलं नालासोपारा. विरार फास्टवालं! तिकडच्या एका माणसाने दोन हजार वर्षांपूर्वी या चढणीवरच्या अनोळखी वाटसरूंसाठी पाण्याची सोय केली.

मामांना मी ही गोष्ट सांगितली. ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, त्यानं दिलं ते पाणी अजून हाये. आमच्या पाड्यावरची हीर मात्र होळी झाली का तळाला जाते.”

ते वाक्य घेऊनच मी मे महिन्यात शहापूरला गेले.

शहापूर म्हणजे मुरबाडचा उत्तरेकडचा शेजारी. आसनगाव स्टेशनला उतरायचं आणि माहुलीचा पायथा गाठायचा. ठाणे जिल्ह्यातला हा एक उंच किल्ला. १६३६ मध्ये निजामशाहीच्या अखेरीला शहाजीराजे इथे वेढ्यात अडकले होते. सोबत जिजाबाई आणि लहानगे शिवाजीराजे. पहाटे पाचला चढायला लागले तरी नऊला ऊन भाजून काढत होतं, त्यामुळे मे महिन्यात हा उद्योग तुम्ही करू नका. वरून उत्तरेकडे बघितलं तर तानसाचं जंगल आणि पाणी. याच तानसा अभयारण्यात २०१४ मध्ये रानपिंगळा सापडला. हे छोटं घुबड जगातून नाहीसं झालं असं शंभरेक वर्षं समजत होते. ते १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा दिसलं आणि मग थेट मुंबईच्या उंबरठ्यावर. मला दिसला नाही. पक्षीमित्र मंडळी म्हणतात की पहिल्याच खेपेत दिसला तर समजा थाप मारतोय.

तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं, बहुतेक नुसत्या उताराच्या जोरावर. मुंबई रोज चारशे कोटी लिटरच्या आसपास पाणी वापरते. सातही तलाव काठोकाठ भरले तर साठा १४.४७ लाख दशलक्ष लिटर, त्यातलं ७.१७ लाख एकट्या भातसाचं, आणि भातसा धरणही याच शहापूर तालुक्यात. सोडलेलं पाणी नदीने पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग तुमच्या-माझ्या शॉवरमध्ये. सोप्या हिशेबात, आज सकाळी तुम्ही ज्या बादलीने आंघोळ केलीत, ती जवळपास अर्धी शहापूरची होती.

आणि शहापुरात? पाड्याच्या विहिरीपाशी रिकामे हंडे, कळशा, तेलाचे डबे, ड्रम एका रांगेत. टँकर यायचा होता. बायका सावलीत बसलेल्या. एक आजी मला म्हणाल्या, “बस बाय, तुलाबी तहान लागली आसंल.” टँकर आला, पाइप विहिरीत सोडला, आणि पुढची वीस मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही. सात-आठ वर्षांची एक पोरगी स्वत:च्या कमरेएवढी कळशी उचलून निघाली. मी कॅमेरा बॅगेत ठेवला.

इथे पाऊस कमी पडतो असं नाही. अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. पण तोच आपला काळा पत्थर! नाणेघाटाच्या टाक्यात तो पाणी धरून ठेवतो, कारण तिथे कुणीतरी छिन्नी घेऊन खड्डा केला. उघड्या उतारावर तोच दगड पाणी आत घेत नाही. पाऊस पडला की सगळं धावत नदीत, नदीतून धरणात, धरणातून मुंबईत. डोंगरावरचा पाडा कोरडा आणि खालचं धरण भरलेलं. धरणातून पुन्हा वर पाणी चढवायचं तर पंप, वीज आणि बिल. म्हणून तर शहापूरच्या गावांसाठी शेजारच्या इगतपुरीतल्या भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना आखली गेली. म्हणजे शहापूरचं पाणी मुंबईला आणि शहापूरला नाशिक जिल्ह्याचं. हे ऐकून माझी झुरिचवाली मैत्रीण फोनवर दोन मिनिटं हसत होती, आणि मग हसायची थांबली.

मुंबईने आंघोळ सोडावी असं माझं म्हणणं नाही, मीही सोडणार नाही. पण एवढं नक्की वाटतं की पर्यटनाच्या नावाखाली उद्या इथे एखादं चकाचक व्हिजिटर सेंटर निघालं, तर त्याला आणि त्याच्या टॉयलेटला पाणी कुठून येणार हे आधी विचारायला हवं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तो शहापुरातूनच जातो. गाड्या वाढणार, रिसॉर्ट वाढणार, स्विमिंग पूलही. तेव्हा आधी पाड्याची टाकी खोदा, कातळात. दोन हजार वर्षं टिकतात, हे गोविंददासाने दाखवून दिलंय. त्याच्यासारखी चार अक्षरं कोरायची हौस असेल, तर तीही भागेल.

तर कधी जाताय? नाणेघाटासाठी कल्याणहून माळशेजमार्गे जुन्नर, आळेफाट्याकडे जाणारी एसटी घ्या आणि वैशाखऱ्याला उतरा. सुरुवात अंधारातच केलेली बरी. पावसाळ्यात घाट अप्रतिम दिसतो, पण वाट निसरडी आणि गर्दी भयानक, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. माहुलीसाठी कसारा किंवा आसनगाव लोकल, पुढे रिक्षा. किल्ल्याच्या वरच्या टप्प्यात लोखंडी शिडी आहे, नवख्यांनी एकटं जाऊ नये. दोन्हीकडे गावातला वाटाड्या घ्या आणि त्याच्याशी पैशांवरून घासाघीस करू नका. पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून न्या, माणशी तीन लिटर तरी. पाड्यावर मागितलंत तर कुणी नाही म्हणणार नाही, पण मागू नका. परतीच्या एसटीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. संध्याकाळी वैशाखऱ्याच्या स्टॉपवर फार वेळ काढावा लागतो आणि चहाची टपरी लवकर बंद होते.