१०८ कोणाचा?

आमच्याकडे राउटर इन्व्हर्टरवर आहे, फाटकावरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर नाही. वीज गेली की वायफाय चालू, डीव्हीआर बंद. वीज परत आल्यावर मात्र बाबांच्या लॅपटॉपवर फाटक कधी दिसायचं, कधी नाही. "कॅमेरेवाल्याला बोलव," हे त्यांचं ठरलेलं. तो यायचा, डीव्हीआर बंद करून चालू करायचा आणि पैसे घेऊन जायचा.

एकदा आत्या राहायला आलेली असताना पुन्हा तेच झालं. मी डीव्हीआरचा प्लगच काढून ठेवला आणि लॅपटॉपवरून त्याच्या आयपीला, १९२.१६८.१.१०८ ला, पिंग केलं. उत्तर आलं! म्हणजे त्या नंबरवर दुसरंच कोणीतरी बसलेलं. मग 'एआरपी -ए' देऊन त्याचा मॅक अ‍ॅड्रेस पाहिला. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर 'ई' होतं. त्या जागी २, ६, ए किंवा ई असेल, तर तो मॅक कारखान्यातून आलेला नसतो, यंत्रावरच बनवलेला असतो. हल्लीचे फोन गोपनीयतेसाठी नेमकं हेच करतात.

"आत्या, तुझा फोन दे जरा."

वायफायच्या सेटिंगमध्ये तोच मॅक, तोच १०८.

कॅमेरे बसवताना १०८ हा नंबर थेट डीव्हीआरमध्ये भरलेला. राउटरला त्याची खबरच नाही. तो १०० ते २०० मधले नंबर येईल त्याला वाटत होता. देण्याआधी नंबर वापरात आहे का, हे आमचा राउटर तपासतो. पण डीव्हीआर बंद असताना १०८ मोकळाच दिसणार.

राउटरची वाटणी १५० पासून सुरू केली असती, तरी भागलं असतं. बरेचजण तेवढंच करतात. मला ते पटत नाही. उद्या इंटरनेटवाल्याने राउटर बदलला आणि नवा १९२.१६८.०.१ वर असला, तर जुना नंबर धरून बसलेला डीव्हीआर घरात असून सापडायचा नाही. म्हणून त्याला डीएचसीपीवर टाकलं आणि राउटरच्या 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये त्याच्या मॅकसमोर १०८ लिहिला. नंबर तोच, फक्त आता तो राउटरच देणार.

मॅक डीव्हीआरच्या तळाच्या स्टिकरवर होता. बाबा भिंग घेऊन बसले.

"हे शून्य की ओ?"

"ओ नसतोच, बाबा. अक्षरं फक्त ए ते एफ."

"मग हे आठ की बी?"

हा प्रश्न रास्त होता. शेवटी राउटरच्याच यादीतून कॉपी केला.

प्रिंटरचंही लगेच उरकलं. त्याला दोन मॅक, केबलचा वेगळा, वायफायचा वेगळा. स्टिकरवर केबलचा आणि प्रिंटर वायफायवर, म्हणून तिथेही यादीच कामी आली. फोन आणि टीव्हीला काही राखून ठेवलं नाही. त्यांना नंबराने शोधत कोणी जात नाही, तेच बाहेर जातात. रोज बदलला तरी अडत नाही.

खात्रीसाठी बाबांनी मेन स्विच खाली केला आणि आत्याच्या फोनचं वायफाय बंद करून पुन्हा लावलं. तिला ११३ मिळाला.