खिशातली कणी

१४ जून २०२५, शनिवार

आज जागतिक रक्तदाता दिन, आणि मी रक्त न देताच घरी परतलो. सत्तेचाळीस वेळा दिलं, कधी नकार आला नव्हता. साकोलीच्या शिबिरात पोरानं बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडला. मोरचुदाचं पाणी. त्याचं विशिष्ट गुरुत्व १.०५३ ठेवलेलं असतं. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असलं की थेंब बुडतो. माझा थेंब दर वेळी खड्यासारखा तळ गाठायचा. आज बोटभर खाली गेला, घुटमळला आणि वर आला. पोरानं दुसऱ्या बोटाचा घेतला. तोही वर आला.

"काका, आज नाही जमत," तो म्हणाला. मागे रांग उभी होती. मी बाही खाली केली. बिस्किटाचा पुडा त्यानं तरीही हातात दिलाच.

१५ जून, रविवार

सकाळी आईनं मोरीतूनच हाक मारली. धुतलेल्या शर्टाच्या खिशात तांदळाची कणी भिजून फुगली होती. "मिलमध्ये खायला देत नाहीत का तुले?"

खरं सांगायचं तर दोन महिन्यांपासून मी कच्चे तांदूळ खातो आहे. पॉलिशरखाली हात धरतो, गरम कणी मुठीत घेतो, खिशात टाकतो. दिवसभर कुरकुर चालू असते. मुनीमजींनी परवाच टोकलं होतं, "काहून गा, मिलचा उतारा तूच कमी करून राहिला का?" सगळे हसले, मीही हसलो.

हसण्यासारखं नव्हतं ते. किल्ल्याच्या टेकडीवर पूर्वी न थांबता चढायचो, आता दोनदा बसावं लागतं. रात्री खाटेवर पडलं की पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखं होतं. पाय हलवत राहिलं तरच बरं वाटतं. चाळिशी जवळ आली, एवढंच मी समजत होतो.

१७ जून, मंगळवार

साकोलीला डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, मग सरळ विचारलं, "माती, बर्फ, कच्चे तांदूळ, असं काही खावंसं वाटतं का?" मी खिशात हात घातला आणि मूठभर कणी टेबलावर ठेवली. बाई क्षणभर बघतच राहिल्या.

मग विचारलं, "शेवटचं रक्त कधी दिलं?"

"२१ एप्रिलला."

"त्याआधी?"

"२४ फेब्रुवारीला. त्याआधी डिसेंबरात."

बाईंनी पेन खाली ठेवला. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये ९० दिवस आणि बाईला १२० दिवस, हा नियम मला पाठ आहे. शिबिराच्या फॉर्मवर 'मागील रक्तदानाची तारीख' असा रकाना असतो. एप्रिलमध्ये त्यात मी जानेवारी लिहिला होता. शिबिरं वेगळी, रक्तपेढ्या वेगळ्या, एकीचं रजिस्टर दुसरीकडे दिसत नाही. कोणी विचारलं नाही हे खरं; पण खोटं माझ्याच अक्षरात आहे.

का लिहिलं? माझं रक्त ओ निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरात पाचेक जणच निगेटिव्ह, त्यात ओ गट आणखी कमी. उन्हाळ्यात शिबिरं आटतात, फोन वाढतात. कोणीतरी दवाखान्याच्या पायऱ्यांवरून रडवेल्या आवाजात बोलत असतं. आणि दुसरं कारणही आज इथे लिहून टाकतो: १ ऑक्टोबरच्या आत पन्नास करायचे होते. भिंतीवर प्रमाणपत्रांच्या तीन ओळी आहेत. चौथी सुरू करायची होती.

१९ जून, गुरुवार

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १०.८. फेरिटिन ७.

फेरिटिन हा शब्द पहिल्यांदा ऐकला. शरीरात लोह साठवून ठेवणारं प्रथिन. रक्तातल्या त्याच्या प्रमाणावरून साठा किती ते कळतं. पंधराच्या खाली गेलं की साठा संपल्यात जमा.

बाईंनी माझ्याच भाषेत समजावलं. "तुमचं दुकान आणि गोदाम वेगळं आहे ना? हिमोग्लोबिन म्हणजे दुकान. गोदामातून माल येत असतो तोवर दुकान भरलेलं दिसतं. शिबिरात फक्त दुकान बघतात. गोदाम कधीच रिकामं झालं होतं तुमचं."

पण सगळा दोष रक्तदानावर टाकून त्या थांबल्या नाहीत. पुरुषाचं लोह कमी झालं की आत कुठे रक्त जातंय का ते बघावंच लागतं. मूळव्याध, पोटातला अल्सर, अंगदुखीच्या गोळ्या, सगळं विचारलं. शौचाची तपासणी सांगितली. बांधीत अनवाणी उतरणाऱ्याच्या तळपायातून हुकवर्म शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. आपल्या धानपट्ट्यात हे आधी बघायचं, असं त्या म्हणाल्या.

आज सिकलसेल दिनही आहे. रस्त्यानं शाळेच्या पोरांची फेरी गेली. फेरीत शेजारची पोरगीही होती, डावा पाय थोडा ओढत.

२२ जून, रविवार

मिल बंद. भरडाईच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.

शरीरात सगळं मिळून लोह चारेक ग्रॅम. एक बारीक खिळा. त्यातलं बरंचसं रक्तातच खेळतं. तंदुरुस्त पुरुषाच्या गोदामात फार तर एक ग्रॅम.

३५० मिलिलिटरची एक पिशवी गेली की साधारण १६० मिलिग्रॅम लोह जातं.

आत येतं ते दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम. त्यातलं एक रोजच्या झिजेत जातं. उरलं एक.

म्हणजे एक पिशवी भरून काढायला सव्वापाच महिने. मी दोन-दोन महिन्यांनी दिली. ९० दिवसांनी दिली असती तरी भाताच्या ताटावर तूट पडतच गेली असती, फक्त सावकाश. तारखेचा नियम पाळला म्हणजे गोदाम भरलं, असं नाही.

बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्याही लिहून ठेवतो. इंग्लंडमध्ये ४५ हजार दात्यांना दोन वर्षं वेगवेगळ्या अंतरानं बोलावून पाहिलं. अंतर कमी केलं तसं रक्त जास्त मिळालं; पण दात्यांचं लोह घटलं, थकवा, चक्कर, पायांची वळवळ वाढली. अमेरिकेत एकेकदा रक्त दिलेल्या दात्यांपैकी निम्म्यांना रोज लोहाची लहान गोळी दिली, निम्म्यांना दिली नाही. न घेतलेल्यांपैकी दोन-तृतीयांश जणांचं लोह २४ आठवड्यांनीही भरून आलं नव्हतं.

चौदा वर्षं धानाचा उतारा काढतो आहे, किती कट्टे आले, किती तांदूळ निघाला. स्वतःचा हिशेब आज पहिल्यांदा केला.

८ जुलै, मंगळवार

रोवणी सुरू झाली. पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत फेकून दिल्या, पण स्वतः उतरलो नाही. आईनं बांधावरच बसवलं. हुकवर्म निघाला नाही, आत कुठे रक्तस्रावही नाही. म्हणजे चोर मीच.

गोळी एक दिवसाआड. रोज घेतली तर शरीर दुसऱ्या दिवशी लोहाला दार लावून घेतं, म्हणून मधला दिवस मोकळा सोडायचा. उपाशीपोटी, लिंबाच्या पाण्यासोबत. चहा पुढेमागे तासभर तरी नाही. हेच सगळ्यात जड गेलं. मिलमध्ये दिवसाला सहा कप होत होते. शौच काळी होते, घाबरायचं नाही, असं आधीच सांगितलेलं होतं म्हणून बरं.

आईचा औषधोपचार समांतर चालू आहे. तरोट्याची भाजी, मुनग्याची पानं, लोखंडी कढई. बाई म्हणतात, भाज्या खा, पण पानातलं लोह अंगाला थोडंच लागतं. मासळी-कलेजीतलं जास्त लागतं. काल तलावावरून झिंगे आणले. वरण लाखोळीचं होतंच.

आणि हो, कणीची आठवण आठ दिवसांत आली नाही. हिमोग्लोबिन वाढायच्या आधी खाखा गेली.

२० जुलै, रविवार

आई सुपात रेशनचा तांदूळ निवडत बसली होती. शेजारी वाटीत थोडे पिवळसर दाणे बाजूला काढलेले. "हे प्लास्टिकचे तांदूळ निवडून फेकते."

मी कपाळावर हात मारून घेतला. ते प्लास्टिक नाही, आमच्या मिलमध्ये मीच मिसळतो ते. सरकारी धानाच्या भरडाईत शंभर किलोला एक किलो पोषक दाणा टाकायचा. तांदळाच्या पिठातच लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून तो घडवलेला असतो. मिसळल्यावर किलोभर तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावं, असं मोजमाप आहे.

आधी पॉलिशर लावून दाणा पांढराशुभ्र करायचा. कोंड्याबरोबर लोह बाहेर. मग वरून लोहाचे दाणे मिसळायचे. मग घरी आईनं ते वेचून कोंबड्यांना टाकायचे. आमच्या कोंबड्यांचं फेरिटिन तपासायला हवं.

३ ऑगस्ट, रविवार

शेजारच्या वहिनींकडे बसलो होतो. पोरीला सिकलसेल. सातव्या वर्षी लकवा मारला, तेव्हापासून पुन्हा झटका येऊ नये म्हणून दर महिन्याला रक्त चढतं. वहिनींनी पाण्यात एक गोळी विरघळवली, पोरीनं तोंड वाकडं करून प्यायली.

"कशाची?" मी विचारलं.

"लोह काढायची, भाऊजी. रक्त चढून चढून अंगात लोह साचलं म्हणतात. काळजावर, हृदयावर जाते."

त्यांनी फाइल उघडून दाखवली. फेरिटिन २,३००.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. माझं ७. लोह बाहेर टाकायला शरीराकडे वेगळी वाटच नाही; जे पिशवीतून आत आलं ते राहतं. माझ्या भिंतीवरच्या तीन ओळींमधलं लोह कोणाकोणाच्या काळजात साचलं असेल, आणि कुठली तरी आई ते रोज गोळीनं काढत असेल. पण त्याच पिशव्यांमुळे ही पोरगी फेरीत चालली, हेही तितकंच खरं. तिला दर महिन्याला पिशवी लागणारच आहे. एकटा माणूस दोन महिन्यांनी दंड पुढे करून ती पुरवू शकत नाही. सहा माणसं वर्षातून दोनदा आली तर बारा पिशव्या होतात.

"भाऊजी, तुमी पांढरे दिसून राहिले," वहिनी म्हणाल्या. मी रिपोर्टचं बोललो नाही. लिंबू घेऊन घरी आलो.

१ ऑक्टोबर, बुधवार

राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन. हिमोग्लोबिन १३.६, फेरिटिन २४. दुकान भरलं, गोदामात चार पोती. गोळ्या पुढचे तीन महिने चालू.

सकाळी दहाला फोन आला. ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या, आजच. पाय आपोआप गाडीच्या चावीकडे वळले.

"शेवटचं कधी दिलंत?" पलीकडून विचारलं.

"२१ एप्रिल," मी म्हणालो. यंदा त्या रकान्यातलं हे पहिलं खरं उत्तर.

"मग तर झालेत की नव्वद दिवस!"

झालेत. मोरचुदाच्या पाण्यात थेंब बुडेलही. नियमानं मी आज पात्र आहे, आणि आजच नाही म्हणायचं होतं. जीभ जड झाली. "मला डॉक्टरांनी थांबवलंय. तीन नंबर देतो, लिहून घ्या." रोवणीच्या दिवसांत बांधावर बसून ही यादी केली होती, ओ निगेटिव्हवाल्यांची: एक लाखांदूरचा, एक लाखनीचा, एक दिघोरीचा. प्रत्येकापुढे शेवटच्या रक्तदानाची तारीख. लाखनीवाल्याला मी स्वतः फोन लावला. त्यानं मार्चनंतर दिलेलं नव्हतं. निघतो म्हणाला.

पन्नास राहिले. सत्तेचाळीस हा आकडाही तसा वाईट नाही.

दुपारी आईनं मिलचा शर्ट धुवायला घेतला, सवयीनं खिसा उलटा केला आणि झटकला. थोडा भुसा पडला.