बारा बाण सारखे

मंडळी, आज खड्डे नाहीत, पाण्याची वेळ नाही. आज बाणांवर लिहितोय. निवडणूक चिन्हावर नव्हे, खऱ्याखुऱ्या, धनुष्यातून सुटणाऱ्या बाणावर. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या पोरांचा आणि आपल्या पेठांमधल्या कारागिरांचा आहे.

माझी भाची आठवीत आहे. वर्षभर तिरंदाजी शिकतेय, ‘इंडियन राउंड’ प्रकारात. यात धनुष्य बांबूचं किंवा लाकडाचं आणि बाणही तसेच. ऑलिंपिकला दिसतं ते रिकर्व्ह धनुष्य सगळ्या जोडसामानासकट लाखांत जातं आणि चांगला कार्बनचा एकच बाण हजाराच्या घरात. कसब्यात दीड खोलीत राहणाऱ्या घराला हे झेपणारं नाही. म्हणून बांबू. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या शेतमजूर घरातला प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. साताऱ्यात शिकलेली अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. ही नावं ऐकून पोरं मैदानावर येतात. पण आलेल्या पोराच्या हातात पहिल्या दिवशी काय द्यायचं, हा प्रश्न बांबूपाशीच येऊन थांबतो.

भाचीचे बाण करतात बुरूड आळीतले एक काका. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. पिढीजात काम सुपं, टोपल्या आणि शिड्यांचं. दोन वर्षांपूर्वी तिच्या प्रशिक्षकांनी विचारलं, “काका, बाण जमतील का?” काका म्हणाले, “एक तर कोणीही करील. तुम्हाला किती पायजेत?” या उत्तरातली मेख मला कळायला पाच-सहा रविवार त्यांच्याकडे बसावं लागलं.

बांबू लागतो मानवेल, जाड सालीचा, जवळजवळ भरीव. किमान तीन वर्षांचा आणि पावसाळा सरल्यावर तोडलेला. कोवळा असला तर वाळताना वाकतो आणि ओला तोडला तर भुंगा लागतो. कोयत्याने चिरून पट्ट्या काढायच्या, त्या तासून गोल करायच्या, मग पत्र्याच्या भोकातून ओढायच्या. आधी मोठं भोक, मग लहान. नंतर पॉलिश पेपर. पुढे शेगडी. काठी निखाऱ्यावर फिरवत गरम करायची, एक डोळा मिटून सरळ बघायचं, बाक दिसेल तिथे उलट्या बाजूला किंचित जास्त दाबायचं आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. एका काठीला हे चार-पाच वेळा.

एवढं झालं की चाळीस काठ्या तयार दिसतात. माझ्या मते काम संपलं होतं. काकांच्या मते ते आता सुरू होणार होतं.

दोरी बाणाला धनुष्याच्या मध्याकडे ढकलते, पण बाण टेकलेला असतो धनुष्याच्या कडेला. त्यामुळे सुटताना तो लवतो, सापासारखा धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. किती लवायचं ते धनुष्याच्या ताकदीवर ठरतं. काठी जास्त ताठ असेल तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो, लेची असेल तर उजवीकडे. वजन जास्त भरलं तर खाली पडतो. म्हणजे पोरीचा हात अगदी स्थिर असला, तरी बाण एकसारखे नसतील तर लक्ष्यावर सडा पडणार. आणि तिला वाटणार, चूक माझीच.

म्हणून काकांनी एका फळीवर २६ इंच अंतराने दोन खिळे मारलेत. काठी त्यावर आडवी ठेवायची, मधोमध २ पौंडांचं, म्हणजे साधारण ९०० ग्रॅमचं वजन टांगायचं आणि काठी किती झुकते ते मोजायचं. ही पद्धत जगभर लाकडी बाणांसाठी वापरतात, प्रशिक्षकांनी ती दाखवली. मग सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर वजन. मी बसलो होतो त्या दिवशी चाळीसातून जुळले बारा. बाकीच्या काठ्या कुंडीतल्या वेलांच्या आधाराला गेल्या.

पिसं काकू लावतात. एका बाणाला तीन, आणि तिन्ही पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची. डावी-उजवी मिसळली तर बाण नीट फिरत नाही. खाच अशा जागी कापायची की खाली लगेच बांबूचं पेर येईल. वरून दोऱ्याचे घट्ट वेढे, म्हणजे दोरीच्या दणक्याने काठी उकलत नाही. शेवटी वॉर्निशचे पातळ हात, बाराही बाणांना मोजून सारखेच, कारण वॉर्निशलाही वजन असतं. आणि तो हात दिला नाही तर आपला पावसाळा आठ दिवसांत सरळ काठीचा बाक परत आणतो. मग अंगावरून कापूस फिरवायचा. धागा अडकला की तिथे चीर आहे. तो बाण बाद. चिरलेला बाण सुटताना मोडला तर पोराच्या हातात घुसतो, म्हणून यात दयामाया नाही.

आता मुद्द्यावर येतो. एका शाळेला असेच बाण हवे होते. काकांनी भाव सांगितला. उत्तर आलं, “बांबूच्या काडीला एवढे?” वर जीएसटी क्रमांक मागितला, पुरवठादारांच्या यादीत नाव आहे का विचारलं. वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या विक्रीसाठी त्या नोंदणीची सक्ती नाही. काकांची उलाढाल किती असेल ते तुम्हीच ताडा. शेवटी बाण बाहेरून मागवले गेले. पुडक्यातले कुठलेही दोन एकसारखे नव्हते. अधिकृत स्पर्धेचा नियम तर सांगतो की एका फेरीत वापरायचे बाण एकसारखेच हवेत.

आपण पैसे देतो बांबूचे. जुळवण्याचे देत नाही. बाद केलेल्या अठ्ठावीस काठ्यांची मजुरी आपल्याला दिसतच नाही. आपल्या तांबट आळीत मठारकामाची ठोकठोक ऐकत आपण मोठे झालो. ती नक्षी शोभेची वाटते, पण त्या ठोक्यांनी तांबं टणक होतं. तसंच बाणाचं हे ‘फिनिशिंग’. शेवटचा हात असतो म्हणून तो वरवरचा नसतो.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बुरूड आहेत, आणि ‘तिरगर, तिरबंदा’ अशीही एक नोंद आहे. तिरगर म्हणजे बाण करणारे. एकेकाळी या कामावर अख्खी जात ओळखली जायची. आज ते नाव दाखल्यावर उरलंय. आणि ज्याच्या हाताला हे काम पुन्हा येतंय, त्याला आपण कागद मागतोय. दर १८ सप्टेंबरला जागतिक बांबू दिनाची भाषणं होतात. २०१७ साली कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून काढला, तोड-वाहतूक सोपी झाली. चांगलं झालं. पण माल मोकळा होऊन कारागिराला गिऱ्हाईक मिळत नाही.

माझं म्हणणं एवढंच. शाळांनी आणि क्लबांनी बाण सुटे न घेता जुळवलेल्या संचाने घ्यावेत. समोर वजन करून, झुकाव मोजून घ्या, नापास झाला तर परत करा, पण पास झाला तर संचाचा भाव द्या. लहान खरेदीला साधी सही केलेली पावती चालवा. आणि वॉर्डातल्या क्रीडा साहित्याच्या खरेदीवर विचारायला आपले नगरसेवक आहेतच, त्यांना यावेळी हेही विचारा.

काकांचा मुलगा डिलिव्हरीचं काम करतो. परवा म्हणाला, “मामा, महिन्याला चार संच पक्के गेले तर मी बसतो बाबांजवळ.” चार संच म्हणजे अठ्ठेचाळीस बाण. एवढ्या पेठांमधून तेवढी मागणी निघणार नाही का? तुमच्या ओळखीत शाळा, क्लब किंवा प्रशिक्षक असतील तर मेसेज करा, काकांशी गाठ घालून देतो. आणि पटलं असेल तर पुढे पाठवा.