पहिले बघणारे

चित्र घरात संपतं, पण पूर्ण होत नाही. सही होते, बोर्डावरच्या चिकटपट्ट्या निघतात, कागद मोकळा होतो. तरी दुसऱ्या कुणाची नजर पडेपर्यंत ते चित्रकाराच्या मनातच घुटमळत राहतं. ही पहिली नजर बहुधा मित्रमैत्रिणींचीच असते, आणि तिच्यावर फार काही अवलंबून असतं.

माझी एक मैत्रीण शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात जलरंगात चित्रं काढते. यंदा पहिल्यांदाच तिनं ती चारचौघांत मांडली, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेरच्या फुटपाथवर. १९५२ साली उभ्या राहिलेल्या या गॅलरीतली भिंत मिळायची तर अर्ज करा, निवड होऊ द्या, मग तारखेची वाट बघा. फुटपाथवर आभाळच छत. तिनं एकेकाला फोन करून एवढंच सांगितलं होतं, ‘‘चित्रं लावतेय. बघायला या.’’ हे सांगायला किती धीर लागतो! आयुष्यभर ज्यांनी आपल्याला बाई, वहिनी, शेजारीण म्हणून ओळखलं, त्यांच्यासमोर ‘मी चित्रकार आहे’ असं म्हणणं अनोळखी माणसांसमोर म्हणण्यापेक्षा अवघड असतं.

आम्ही सगळे गेलो. कौतुक झालं, फोटो झाले, ‘छान गं, मस्त गं’ झालं. ती हसत होती, पण हात ओढणीच्या टोकाशी चाळा करत होते. बँकेत काम करणारा आमचा एक मित्र मात्र भाऊच्या धक्क्याच्या चित्रापुढून हलेना. पहाटेची वेळ, मासळीच्या टोपल्या, पाठमोऱ्या कोळणी, खाली ओली फरशी. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, ‘‘फरशीवर उजेड चमकतोय, पण तिथे रंगच दिसत नाही. कसं केलंस?’’

तिचा चेहराच बदलला. मग ती बोलायला लागली. जलरंगात उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो. चमक हवी तिथला कागद कोराच ठेवायचा आणि भोवतीचा रंग ओला असतानाच त्याच्या कडेकडेनं न्यायचा. एकदा तिथे रंग गेला की ते पांढरेपण पुन्हा पहिल्यासारखं मिळत नाही. हे ऐकून तो परत पहिल्या चित्राशी गेला आणि प्रत्येक चित्रातल्या कोऱ्या जागा शोधत शेवटपर्यंत आला. आम्हीही त्याच्या मागून गेलो. तीच चित्रं, पण आता आम्ही ती खरोखर बघत होतो.

या शहरातली आधुनिक चित्रकलाही अशाच मैत्रीतून वर आली. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलं होतं. हुसेननी सिनेमाची पोस्टरं रंगवली होती, आरांनी पोटासाठी मोटारी धुतल्या होत्या. ते एकमेकांचे पहिले प्रेक्षक होते, आणि पहिले टीकाकारही. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेला चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आपलं घर तरुण चित्रकारांसाठी उघडं ठेवत असे. त्याच्यासारखाच परागंदा होऊन आलेला इमॅन्युएल श्लेसिंगर त्यांची चित्रं विकत घेत असे. १९४९ साली या ग्रुपचं प्रदर्शन भरलं, त्याच्या मागे ही बघणारी, वाद घालणारी, खिशात हात घालणारी माणसं होती. चित्रांच्या इतिहासात त्यांचं नाव बारीक अक्षरात येतं, हे मला नेहमी अन्यायाचं वाटतं.

म्हणून मनापासून सांगते. ओळखीतलं कुणी पहिल्यांदा चित्रं मांडणार असेल, तर मोबाइलवर अंगठा उमटवून थांबू नका. स्क्रीनवर कागदाचा पोत कळत नाही आणि चित्राचा खरा आकारही कळत नाही. स्वतः जा. एका चित्रापुढे निवांत उभे राहा आणि न समजलेलं विचारा. आवडलं नाही, तर काय आवडलं नाही ते नीट सांगा. त्याचाही उपयोग होतो. झेपेल ते छोटं चित्र विकत घ्या, तिनं लावलेल्या किमतीला. मैत्रीखातर फुकट मागू नका आणि घासाघीस तर मुळीच करू नका. त्या कागदाचे, रंगांचे, फ्रेमचे पैसे तिनं आपल्या पगारातून भरलेले असतात.