पंचवीसचा वारा

आइसलंडला जायचे ठरले तेव्हा सौ.ने लोकरीचे मोजे विणायला घेतले आणि मी नकाशा. मोटर हाकणार चिरंजीव. तो कोपनहेगनला नोकरीला असतो. वाट दाखवण्याचे आणि हवामान सांगण्याचे खाते मात्र मी आपणहून मागून घेतले. छत्तीस वर्षे शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस नुसता बसून लाडू कसा खाणार?

साल 2022, महिना ऑक्टोबर. या बेटाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता तेराशेहून अधिक किलोमीटरचा. दक्षिणेच्या हिमनद्यांनी बरीच वर्षे तो अडवून धरला होता. 1974 साली पूल झाले तेव्हा कुठे वर्तुळ पुरे झाले.

वीक गावातून निघताना चिरंजीव म्हणाला, "बाबा, वाऱ्याचं बघा जरा."

मी फोनवर पाहिले. "पंचवीस! एवढा तर दादरच्या चौपाटीवर असतो. चल."

लाकीच्या भेगेतून 1783 साली वाहिलेला लाव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरला आहे. त्यावर राखट हिरवे शेवाळ, गादी घातल्यासारखे. सौ. म्हणाली, "इथं झोपावंसं वाटतं हो." पुढे स्केइदारारसांदुरचे काळे वाळवंट लागले. झाड नाही, घर नाही. वारा पाठीशी होता, त्यामुळे गाडी झकास पळते आहे असेच मला वाटत होते. मग मागच्या काचेवर वाळू तडतडू लागली. चिरंजीवाच्या बोटांची पेरे चाकावर पांढरी झाली. तेवढ्यात टायरमधली हवा कमी झाल्याचा दिवा लागला.

वाळवंटाच्या पूर्व टोकाला पुलाच्या दोन वाकड्यातिकड्या पोलादी तुळया ठेवल्या आहेत. 1996 साली वात्नायोकुल हिमनदीखाली ज्वालामुखी फुटला, वितळलेले पाणी नोव्हेंबरात एकदम सुटले आणि घराएवढे बर्फाचे खडक घेऊन पुलावर आदळले. त्याची ही खूण. तिथेच गाडी थांबवली.

"बाबा, थांबा, दार धरून—"

मी दार उघडले होते. पुढचे मला नीट सांगता येणार नाही. दार माझ्या हातून हिसकले गेले, कडकन आवाज झाला आणि मी गुडघ्यांवर खडीत पडलो. चष्मा गेला तो गेलाच. चिरंजीवाने पलीकडून येऊन मला कॉलर धरून आत ओढले. लहानपणी मी त्याला असाच ओढत असे. दाराच्या बिजागऱ्या उलट्या मुरडल्या होत्या. ते मिटेना. सौ.ने शाल काढली, एक टोक दाराला आणि दुसरे खुर्चीला बांधले आणि दोन्ही हातांनी गाठ धरून बसली. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

112 नंबर फिरवला. या देशाला सैन्य नाही. वादळात धावून येतात ते गावोगावचे स्वयंसेवक. पाऊण तासाने उंच चाकांची गाडी आली. उतरलेला गृहस्थ मेंढपाळ होता, कोठीतले काम टाकून आलेला. त्याने दोराने दार आवळले आणि शांतपणे विचारले, "वाऱ्याचा इशारा पाहिला नव्हता?"

"पाहिला होता," चिरंजीव म्हणाला. "माझ्या वाचण्यात चूक झाली."

मी खाली पाहत राहिलो.

रात्री एका शेतघरात आसरा मिळाला. दाराचे नुकसान विम्यात बसत नव्हते. तो आकडा इथे सांगत नाही. मटणाचे ऊन ऊन सूप समोर आले, पण मी आधी कागद मागून घेतला आणि मांडले: 25 × 3600 ÷ 1000 = 90. तो पंचवीस सेकंदाला मीटरचा होता, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटर! एकक लिहिले नाही म्हणून किती पोरांचे गुण मी कापले असतील. त्यांत माझ्याच वर्गात बसलेला हा मुलगाही होता. कागद मी त्याच्यापुढे सरकवला.

त्याने तो वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"बाबा, हात दाखवा आधी," तो म्हणाला. "अजून खडी आहे त्यात."